इंजिन ब्लॉकची डमी गळतेय. त्यासाठी इंजिन उतरवावंच लागतं का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, मुक्काम भडगाव. बऱ्याच दिवसांपासून रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. होज पाईप, वॉटर पंप, रेडिएटर, हीटरचे पाईप, सगळं कोरडं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ नाही, म्हणजे हेड गॅस्केटवरही संशय घ्यावा असं काही नाही. परवा गाडी वर घेतली तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाईपांच्या जोडाच्या) खाली ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या, अंगावर तांबूस ओघळ दिसला. ओघळाच्या वरच्या टोकाला रुपयाच्या नाण्याहून मोठी एक गोल पत्र्याची डबी ब्लॉकमध्ये ठोकलेली आहे आणि तिच्या खालच्या कडेला सुई जाईल एवढं छिद्र पडलंय.

आमच्या मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं, “डमी गेली.” काही जण वेल्च प्लग म्हणतात, काही फ्रीज प्लग. पण पुढे काय करायचं यावर एकमत नाही. एक म्हणतो इंजिन खाली उतरवल्याशिवाय हे काम होत नाही. दुसरा म्हणतो बाहेरून एम-सील थापा आणि विसरून जा. मला दोन्ही पटत नाहीयेत. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगावं: इंजिन उतरवावं लागतं का, एकच बदलायची की सगळ्या, आणि पितळी घ्यायची की लोखंडी?

साक्रीकर
धुळ्यात माझं गॅरेज आहे, हे काम नेहमीचं आहे. इंजिन उतरवायची गरज नाही, निदान तुमच्या वर्णनावरून तरी नाही. मॅनिफोल्डखालची डमी म्हणजे ब्लॉकच्या बाजूची. मॅनिफोल्ड आणि त्यावरचा पत्रा काढला की समोर येते. काही गाड्यांत सेल्फ काढावा लागतो, काहींत इंजिनचं माउंटिंग सोडून इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यावा लागतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते ती मागची डमी गेली तर, कारण ती फ्लायव्हीलच्या पाठीमागे असते. तिथली गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून खाली टपकते आणि पुष्कळदा ऑइल सील समजून भलतंच काम केलं जातं.

एम-सीलबद्दल: भोक आतून पडत आलेलं असतं. बाहेरून दिसतं सुईएवढं, आतला पत्रा मात्र चहूबाजूंनी कागदासारखा झालेला असतो. त्यावर थापलेला एम-सील धरणार कशाला? गरम पाण्याला दाब असतो. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा बार दाब आत तयार होतो. रस्त्यात अडकलात तर गाव गाठण्यापुरतं ठीक, इलाज म्हणून नाही.

सातपुडा
एक मूळ शंका. फ्रीज प्लग म्हणजे पाणी गोठलं तर उडून ब्लॉक वाचवणारा, असं ऐकलंय. पण भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आपल्याकडे इंजिनातलं पाणी गोठणार कधी? मग या डम्या आपल्या गाड्यांत ठेवतातच कशाला? ब्लॉक सरळ बंदिस्त का करत नाहीत? गळायला जागाच उरणार नाही.

वाळूचा_साचा
@सातपुडा, प्रश्न चांगला आहे. मी मूळचा पारोळ्याचा, नोकरीला कोल्हापूरच्या फाउंड्रीत. ब्लॉक ओततात तेव्हा सिलिंडरभोवती पाणी खेळायची पोकळ जागा हवी असते. ती पोकळी तयार करायला साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, आम्ही त्याला कोअर म्हणतो. हा गाभा हवेत तरंगत राहू शकत नाही, त्याला बाहेरच्या साच्यात टेकू द्यावे लागतात. लोखंड ओतून झालं की त्या टेकूंच्या जागी ब्लॉकच्या भिंतीला भोकं राहतात आणि त्याच भोकांतून आतली सगळी वाळू झटकून बाहेर काढतात. मग भोकं मशीनवर गोल करून घेतात आणि पत्र्याची डबी ठोकून बंद करतात. तीच तुमची डमी. गाडी लडाखची असो की लासूरची, ब्लॉक असा ओतला असेल तर भोकं असणारच.

वाळू नीट निघाली नाही तर ती पुढे पाण्याबरोबर फिरते आणि खालच्या कोपऱ्यात बसते, म्हणून आमच्याकडे या सफाईवर फार लक्ष असतं. अ‍ॅल्युमिनियमचे काही ब्लॉक दाबाने ओततात, त्यांची पाण्याची जागा वरून उघडी असते. त्यांत अशा डम्या कमी असतात किंवा नसतातही.

फौजी_आप्पा
मी सैन्यात ड्रायव्हर होतो, लेहला राहिलोय, म्हणून सांगतो. पाणी गोठलं की ही डमी बाहेर उडते आणि ब्लॉक वाचतो असा पुष्कळांचा समज असतो. त्या भरवशावर कोणी राहू नये. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ते सगळीकडून फुगतं. डमी कधी उडते, कधी जागची हलत नाही. साधं पाणी घालून वर आलेल्या एका खासगी ट्रकचा ब्लॉक मी बघितलाय. डमी जागेवर शाबूत आणि ब्लॉकला उभी भेग.

तिकडे गाड्यांना वाचवतं ते कूलंट. ग्लायकोल आणि पाणी निम्मं-निम्मं केलं की उणे ३५ अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही. नुसतं ग्लायकोल ओतलं तर ते उणे १२-१३ लाच गोठायला लागतं. पाणी मिसळणं काटकसर म्हणून नसतं, ते लागतंच. आमच्या पोरांना हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवायचो.

सातपुडा
@वाळूचा_साचा, आता डोक्यात शिरलं. आप्पा, तुमचाही प्रतिसाद आवडला. माझं गाव धडगावच्या वाटेवर. आमच्याकडे डाब, तोरणमाळच्या पठारावर कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं. तिथे रात्रभर उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीला धोका किती?

फौजी_आप्पा
दव गोठतं ते गवताचं पातं रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही थंड होतं म्हणून. ब्लॉक जड लोखंडाचा, आदल्या संध्याकाळी तापलेला. पहाटेच्या दोन-तीन तासांत आतलं पाणी गोठण्याएवढा तो थंड होत नाही. धुळ्याला हिवाळ्यात पारा ५-६ अंशांवर येतो, तिथे तर प्रश्नच नाही. तरीही कूलंट घाला म्हणेन, पण कारण वेगळं आहे. इथे कोणीतरी जाणकार सांगेलच.

केळीबाग_रावेर
कारण काही नाही, कंपन्यांना डबे विकायचे असतात. आमच्या वडिलांच्या जीपमध्ये जन्मभर विहिरीचं पाणी होतं. गळती झाली की चमचाभर हळद टाकायची रेडिएटरमध्ये, बंद. त्या जीपने केळीचे घड वाहिले, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, काही झालं नाही. गेल्या वर्षी मी मुलाच्या सांगण्यावरून माझ्या कारमध्ये सगळं पाणी काढून कूलंट भरलं आणि महिन्याभरात दोन डम्या गळायला लागल्या. पाणी होतं तोवर थेंब नव्हता. आता बोला.

लेवा_ताई
मी अमळनेरला रसायनशास्त्र शिकवते. केळीबाग दादा, तुमच्या अनुभवावर मुळीच शंका नाही. गळती कूलंटनंतरच दिसली असेल. पण भोक कूलंटने पाडलेलं नाही.

लोखंड गंजायला पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आणि क्षारांनी व उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. इंजिनात चारही गोष्टी एकत्र असतात. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते बघायला प्रयोगशाळेत जायला नको. उन्हाळा संपल्यावर घरातल्या कूलरची जाळी बघा. एका हंगामात तिच्यावर पांढरा दगडी थर बसतो. तेच पाणी इंजिनात गेलं की तोच थर सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बसतो. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे इंजिन आतून जास्त तापतं आणि बाहेरचा काटा आपल्याला ते लगेच सांगत नाही.

ब्लॉकची भिंत जाड असते, ती थोडी गंजली तरी निभावते. डमी मात्र पातळ पत्र्याची, म्हणून सगळ्यात आधी तिथे आरपार जातं. त्यातही खालची कड, कारण गाळ आणि गंज तिथे साठतो आणि ओला राहतो. धागाकर्त्याने भोक ‘खालच्या कडेला’ म्हटलंय, ते अगदी जुळतं.

तुमच्या गाडीत डम्या आधीच आरपार झालेल्या असणार. गंज आणि क्षाराच्या खपलीने भोकं बुजलेली होती. नव्या भरणीच्या वेळी आतून धुतलं गेलं, खपली सुटली, भोक उघडं पडलं. कूलंटमध्ये ग्लायकोलखेरीज गंजरोधक रसायनं असतात आणि आपल्या हवामानात खरं काम त्यांचं आहे. ती कालांतराने संपतात, म्हणून कूलंट ठरावीक मुदतीने बदलावं लागतं. जुन्या पद्धतीचं असेल तर साधारण दोन वर्षांनी, नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं असेल तर पाचेक वर्षांनी. डब्यावर लिहिलेलं असतं.

गिरणाकाठ
लेवा ताई, हे वाचून बरंच उलगडलं. ही गाडी मी जुनी घेतली. आधीच्या मालकाच्या घरी बोअरचं पाणी होतं आणि रेडिएटरचं झाकण उघडल्यावर चहासारखं पाणी निघालं होतं.

केळीबाग_रावेर
ताई, समजावून सांगितलंत, पटतंय. पण मग हळदीचं काय? ती तर खरंच काम करते, आमच्याकडे ट्रॅक्टरवालेही टाकतात.

साक्रीकर
हळद काम करते कारण ती फुगते आणि जाऊन भोकात अडकते. तिला कुठलं भोक हे कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ती तशीच अडकते. जुन्या जीपच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद होत्या, खपून गेलं. आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या एवढ्या बारीक असतात की दोन चमच्यांत गाडी तापायला लागते. हीटरचा गाभा तर आधी बंद होतो. बाटलीत मिळणारे गळतीबंदही त्याच जातीचे. जंगलात अडकलात तर जरूर टाका, मी नाही म्हणणार नाही. गॅरेजला पोचल्यावर सगळं धुऊन काढायला सांगा.

आणखी एक. काही ठिकाणी रेडिएटर ‘साफ’ करायला संडासाचं अ‍ॅसिड ओततात. गाळ जातो, बरोबर डमीचा उरलेला पत्राही जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड खाल्लं जातं. असं कोणी सुचवलं तर गाडी घेऊन निघून या.

बठ्ठा_खान्देश
कसाले एवढी माथाफोड भो, बोअरनं पानी टाकू नका, बठ्ठं ठीक व्हई!

पुण्यातला_चाळीसगावकर
धागा वाचून गेल्या मे मधला प्रवास आठवला. पुण्याहून गावी येताना कन्नडचा घाट उतरलो, तोवर सगळं ठीक. चाळीसगाव जवळ आलं आणि गाडीचा दम गेला. काटा बघितला तर मधोमधच्याही खाली, म्हटलं तापलेली नाही. बॉनेट उघडलं तर आतून उन्हाळ्याच्या झळा वेगळ्या आणि इंजिनाच्या वेगळ्या. मिस्त्रींनी नंतर सांगितलं की पाणी एवढं संपलं होतं की सेन्सर कोरडा पडला होता, म्हणून काटा खाली. हेड (इंजिनाचा वरचा भाग) घासून सपाट करायला, म्हणजे फेसिंगला गेलं, मोठा खर्च झाला. मूळ कारण काय निघालं? तीच, मॅनिफोल्डखालची डमी.

त्यामुळे सगळ्यांना हात जोडून सांगणं: काट्यावर विसंबू नका. सकाळी गाडी थंड असताना बाटलीतली पातळी बघायची सवय ठेवा. आणि त्या दिवशी गाडी गॅरेजला असल्यामुळे रात्री शेतावर मुक्काम पडला आणि भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळाला, एवढंच काय ते सुख.

सातपुडा
कळण्याची भाकरी म्हटल्यावर इथे पंधरा प्रतिसाद त्यावरच पडतील. मे मध्ये भरीत? भरीताची वांगी थंडीची.

पुण्यातला_चाळीसगावकर
आईने केलं होतं. आईला हंगाम सांगायचा नाही. :)

लेवा_ताई
भरीताचा वेगळा धागा काढा हो, तिथे मी पहिली येईन. सातपुडा दादांचं बरोबर आहे, थंडीत बामणोदच्या वांग्याची चव वेगळीच. आता डमीकडे वळा, त्या माणसाची गाडी उघडी पडलीय.

वाळूचा_साचा
पितळी की लोखंडी, यावर कोणी बोललं नाही. आधी ब्लॉक कशाचा आहे ते बघा. चुंबक लावा. चिकटलं तर बिडाचा, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियमचा. बिडाच्या ब्लॉकला पितळी डमी उत्तम, ती गंजून आरपार होत नाही. शिवाय पितळ तापल्यावर बिडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे इंजिन गरम झालं की पकड आणखी घट्ट होते.

अ‍ॅल्युमिनियमला मात्र पितळ लावू नये. दोन भिन्न धातू आणि मध्ये क्षाराचं पाणी म्हटल्यावर अ‍ॅल्युमिनियम झिजतं. तिथे कंपनीने दिली तशीच डमी घ्यायची. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकाचं आणखी एक आहे. ३५ मिलीमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं तर लोखंडी डमीपेक्षा मिलीमीटरच्या तीन शतांशांएवढं जास्त मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण पाणी पाझरायला तेवढं पुरतं. म्हणून तिथे घट्टपणा आणि सीलंट दोन्हींकडे काटेकोर लक्ष द्यावं लागतं.

गिरणाकाठ
चुंबक लावलं, चांगलं घट्ट चिकटलं. बिडाचा ब्लॉक. मग पितळी शोधतो. माप कसं घ्यायचं? जुनी डमी मोजून?

साक्रीकर
जुनी काढताना वाकडी होते, तिच्यावरून माप घेऊ नका. ब्लॉकचं भोक स्वच्छ करून व्हर्नियरने आडवं-उभं मोजायचं. ३०, ३५, ४० अशा मापांत मिळतात, आणि भोकाला आतून गंजाचे खड्डे असतील तर थोडं मोठं मापही मिळतं. अजिंठा चौफुलीला जळगावात किंवा आमच्या धुळ्यात सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करा, पितळी मागून घ्या. पितळी न मिळाल्यास लेथवाल्याकडून बनवायच्या भानगडीत पडू नका. लेथवरचा भरीव तुकडा तेवढा दबत नाही, ठोकताना ब्लॉकची कड फुटू शकते.

आता काम कसं करायचं ते सविस्तर लिहितो. ज्याला स्वतः करायचं नाही त्याने मिस्त्रीसमोर उभं राहून एवढं होतंय का बघावं.

गाडी पूर्ण थंड. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी बंद केलेली गाडी सकाळीच उघडावी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडून हात-तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये पाणी उरतं, त्यासाठी ब्लॉकला निराळा ड्रेन बोल्ट असतो, तो शोधा. निघालेलं जुनं कूलंट अंगणात सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. गोठ्याजवळ तर अजिबात नको.

मॅनिफोल्डचे नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. या कामात डमीपेक्षा जास्त त्रास तुटलेले स्टड (ज्यांवर हे नट बसतात ते आटे) देतात. जोर लावण्याआधी नट जरासा घट्ट, जरासा सैल असा हलवत हलवत काढायचा.

डमी काढताना मधोमध ठोकायचं नाही. बोथट पंच एका कडेजवळ, डबीच्या आत टेकवायचा आणि हातोडीने मारायचं. एक कड आत जाते, दुसरी बाहेर येते, डबी भोकात आडवी फिरते. मग वाइज ग्रिपने धरून खेचायची. मधोमध मारलं तर ती सरळ आत पडते, आणि मागे सिलिंडरची भिंत अगदी जवळ असते. आत पडलेली डमी तशीच सोडणारे मिस्त्री आहेत. ती तिथे पाण्याची वाट अडवते आणि गंजत राहते, काढूनच घ्यायला लावा. ड्रिल मारून काढणार असाल तर बिट फक्त पत्र्यापुरतं, कारण तीच सिलिंडरची भिंत मागे असते.

डमी निघाली की भोकातून बोट घालून बघा. गाळ असेल. वाकवलेल्या तारेने उकरा आणि पाण्याच्या पाईपने धुवा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. ही संधी पुन्हा मिळत नाही. मग भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेने घासायची, आडवे ओरखडे नकोत. कोरडं करून कडेला सीलंटचा पातळ थर. शेलॅक चालतं, डमीसाठी मिळणारं घट्ट होणारं सीलंट आणखी चांगलं. सिलिकॉनचे लोणी फासल्यासारखे थर नकोत, आतला गोळा सुटून थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेत) अडकतो.

नवी डमी बसवताना डबीच्या आत सैलसर बसेल असं सॉकेट घ्यायचं, कडेवर मार पडता कामा नये. सरळ धरून हलक्या हाताने ठोकत न्यायची. तिरकी जाऊ लागली तर काढून पुन्हा. डबीची बाहेरची कड ब्लॉकच्या भोकाच्या उतरत्या किनारीच्या जरा आत गेली की थांबायचं, आणखी आत नाही. काही जुन्या इंजिनांत डबीऐवजी फुगीर चकती असते. तिचा फुगवटा बाहेर ठेवून बरोबर मध्यावर एक ठोसा द्यायचा, चकती चपटी होते आणि कडा पसरून घट्ट बसते.

भुसावळ_लोको
साक्रीकर भाऊंचा प्रतिसाद छापून गॅरेजला लावावा असा आहे. एका मुद्द्यावर माझं मत वेगळं. धागाकर्त्याने विचारलंय एक की सगळ्या. माझं म्हणणं, जी गळते तीच बदला. बाकीच्या बसलेल्या आहेत, ब्लॉकला हात लावला की नवी भानगड. रेल्वेत नोकरी झाली, तिथे चालतं त्याला उगाच हात लावायचा नाही हे शिकलो.

साक्रीकर
@भुसावळ_लोको, आदराने सांगतो, इथे तो नियम लागत नाही. सगळ्या डम्या एकाच दिवशी बसलेल्या, एकच पाणी प्यायलेल्या, एकाच पत्र्याच्या. एक आरपार गेली म्हणजे शेजारची त्याच वाटेवर आहे. मॅनिफोल्ड एकदा काढलाच आहे तर त्या बाजूच्या सगळ्या बदलाव्यात. डमीची किंमत किरकोळ, पैसे मजुरीचे जातात. दुसरी बाजू सहज हाताला येत असेल तर तीही.

मागची मात्र गळत नसेल तर तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. पुढे क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा आठवणीने बदलून घ्या. एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मला मान्य.

भुसावळ_लोको
जमलं. क्लचच्या वेळी मागची, हे डोक्यातच आलं नव्हतं.

जिभाऊ_शिरपूर
रबरी डमीचं कोणी बोलत नाही. मधल्या बोल्टला पाना मारला की रबर फुगून बसतं. मी इंदूरहून येताना सेंधव्याच्या घाटात अडकलो होतो, एका ढाब्याजवळच्या मिस्त्रीने रबरी बसवून दिली आणि अजून चालतेय.

साक्रीकर
जिभाऊ, अडचणीच्या जागी रबरी फार उपयोगी, मीही एखादी गाडीत ठेवायला सांगतो. पण मॅनिफोल्डशेजारी ती सतत भाजते आणि रबर कडक होतं. सहा महिन्यांनी एकदा हात लावून बघा, बोल्ट सैल झालेला असतो. लांबच्या प्रवासाआधी पत्र्याची बसवून घ्या.

गिरणाकाठ
काम झालं. इंजिन उतरलं नाही! मॅनिफोल्ड काढून त्या बाजूच्या तिन्ही डम्या बदलल्या. पितळी जळगावात मिळाल्या. मी मिस्त्रींच्या शेजारी उभा होतो. त्यांनी कडेलाच पंच मारला आणि डबी फिरवूनच काढली, वर म्हणाले, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?” गळणाऱ्या डमीशेजारची हातात घेऊन दिव्यासमोर धरली तर पत्र्यातून दोन ठिकाणी उजेड दिसत होता. बाहेरून ती अगदी चांगली वाटत होती. भोकांतून वाटीभर तांबडा चिखल निघाला. एक स्टड तुटला, तो काढायला अर्धा दिवस गेला.

आता कूलंट भरून हीटर चालू करून गाडी चालवली, पण बाटलीतली पातळी दुसऱ्या दिवशी उतरली. पुन्हा गळती? ब्लॉक बाहेरून कोरडा आहे.

साक्रीकर
कोरडा असेल तर घाबरू नका, आत अडकलेली हवा निघाली असेल. गाडीचं नाक चढावर ठेवा, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर आणि इंजिन सुरू. थर्मोस्टॅट उघडून पंखा लागेपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि वरून भरत राहा. मग झाकण लावून, थंड झाल्यावर पातळी. त्यानंतरही उतरत राहिली तर हातपंपाने दाबाची चाचणी करा: झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरून पंधरा मिनिटं काटा बघायचा. आणि झाकणाचं रबर बघा, जुन्या गाडीत तेही गेलेलं असतं.

लेवा_ताई
कूलंटमध्ये पाणी कुठलं घातलंत? तयार मिसळलेलं घेतलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं. वरून भरतानाही तेच.

गिरणाकाठ
तयार मिसळलेलंच घेतलं, ताई. एक डबा डिकीत ठेवलाय म्हणजे वाटेत कुठल्या नळाखाली जायला नको. साक्रीकर भाऊ, चढावर लावून हवा काढली, बरेच बुडबुडे आले. आज सकाळी पातळी काल होती तिथेच आहे. झाकण नवीन टाकतो.

केळीबाग_रावेर
माझ्या दोन डम्यांचंही उरकून घेतो मग. साक्रीकर भाऊ, मंगळवारी गाडी घेऊन आलो तर चालेल का? माझा ब्लॉक चुंबकाला चिकटत नाही.

साक्रीकर
या. अ‍ॅल्युमिनियम असेल तर पितळी घेऊन येऊ नका, कंपनीच्याच मागवून ठेवतो. गाडीचं मॉडेल आणि वर्ष निरोपात कळवा. आणि आतापासून तोवर हळद टाकू नका.